एम.टेक. इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटरला जायचंय? गेटचा फॉर्म आणि दाखल्यांची फाईल एकदमच उघडा

मागच्या मे महिन्यात राधानगरी तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. हातात निळी प्लॅस्टिकची फाईल, प्रत्येक कागद आईनं वेगळ्या पारदर्शक पाकिटात घातलेला. इलेक्ट्रिकलमधून गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा क्वालिफाय, स्कोअर एनआयटी, म्हणजे केंद्राचं अभियांत्रिकी कॉलेज, मिळण्यासारखा. फाईल चाळता चाळता नॉन क्रिमीलेअरचा, म्हणजे ओबीसी सवलतीसाठी लागणारा, दाखला हाती आला आणि मी थांबलो. दाखला खरा होता, मुदतीतला होता, पण राज्याच्या नमुन्यातला होता. एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तोही त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. कागदपत्रं तपासायला चार दिवस राहिले होते. वडील म्हणाले, "सर, दाखला तर आहे की आमच्याकडं." त्यांना काय सांगावं मला सुचेना.

कोल्हापूरच्या पोरांची एम.टेक.ची जागा मार्कांपेक्षा कागदापायी जास्त जाते, हे मी दरवर्षी बघतोय. म्हणून परीक्षा, पात्रता आणि दाखले हे सगळं एकत्रच लिहितो.

आधी गेट

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी देशभर चालणारी परीक्षा म्हणजे गेट. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी आळीपाळीनं ती घेतात. फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटाला किंवा सप्टेंबरमध्ये भरायचे, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं आणि वयाची अट नाही. स्कोअर निकालापासून ३ वर्षं चालतो. त्या मुलीला मी हाच आधार दिला. यंदा एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तिनं केंद्राच्या दाखल्यासाठी अर्ज टाकला आणि जुन्याच स्कोअरवर पुन्हा रांगेत उभी राहिली.

पेपर संगणकावर, ३ तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे, साधारण १३ गणिताचे आणि उरलेले ७२ विषयाचे. पर्यायी प्रश्न चुकला तर गुण कापतात: १ गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, २ गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असणाऱ्या प्रश्नांना आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांना ही कपात नाही, त्यामुळे ते कोरे सोडू नका. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचाच माऊसनं वापरायचा असतो आणि त्याचा हात बसायला वेळ लागतो. घरी सराव त्याच्यावरच करा.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी ईई, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ईसी, कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनी सीएस हा पेपर घ्यायचा, हे सरळ आहे. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा डीए हा वेगळा पेपरही आलाय. ठरवून दिलेल्या जोड्यांपैकी दोन पेपर देता येतात. इलेक्ट्रिकल करून पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल किंवा पॉवर सिस्टिममध्ये जायचं असेल तर एकाच पेपरवर जोर लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मशिन्स, पॉवर सिस्टिम, सर्किट आणि सिग्नल्स एवढं नीट करायलाच वर्ष पुरत नाही.

फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, पदवीवर आईचं नाव जोडलेलं, आणि पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. स्कोअरकार्डावर नाव एकदा छापून आलं की पुढं सगळीकडे तेच धरतात. फॉर्म भरण्याआधी दहावीचं गुणपत्रक, आधार आणि शेवटच्या सेमिस्टरचं गुणपत्रक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधार त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

प्रवेशाचे तीन रस्ते

पहिला रस्ता आयआयटीचा. इथं प्रत्येक आयआयटीला स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र फी. शिवाय कोॲप नावाच्या सामाईक पोर्टलवर नोंदणी करावी लागते, कारण कुठल्या आयआयटीनं तुम्हाला जागा देऊ केली ते तिथंच दिसतं. तिथं तीन पर्याय असतात: जागा घेऊन थांबणं, जागा हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट बघणं, किंवा नाकारून वाट बघणं. पहिला पर्याय दाबला की पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या. घरात चार जणांशी बोलूनच तो दाबा. काही विभाग लेखी चाचणी किंवा मुलाखतही घेतात.

दुसरा रस्ता एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या निधीवरच्या इतर संस्थांचा. त्यांच्यासाठी सीसीएमटी ही एकच समुपदेशन प्रक्रिया असते. खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) उमेदवारांना पदवीला ६० टक्के किंवा १० पैकी ६.५ सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) लागतो. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ५५ टक्के किंवा ६.० पुरतो. ज्यांच्या गुणपत्रकावर सीजीपीए छापलाय त्यांनी सीजीपीएच भरावा, स्वतः टक्के काढत बसू नये. सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० नं गुणायचं हे सूत्र बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यानं ६.६ चे ५८.५ टक्के होतात आणि पात्र पोरगं स्वतःच्या हातानं अपात्र ठरतं.

तिसरा रस्ता आपल्या राज्याचा. राज्याचा सीईटी कक्ष एम.ई. आणि एम.टेक.साठी कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, राबवतो. संबंधित शाखेच्या पदवीला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के. गुणवत्ता यादीत गेटवाले आधी, त्यानंतर बिगर गेटवाले पदवीच्या गुणांवर. किमान २ वर्षं पूर्णवेळ नोकरी झालेल्यांना कंपनीच्या शिफारशीवर प्रायोजित जागा मिळू शकते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी ही वाट जरूर विचारात घ्यावी. जवळची कॉलेजं म्हणाल तर गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, राजारामनगरचं आरआयटी. कुठल्या कॉलेजात कुठल्या शाखेच्या किती जागा आहेत ते त्या वर्षीच्या कॅपच्या तक्त्यातच बघा. पदव्युत्तर शाखा सुरू होतात तशा बंदही होतात. आणि "कॅप कशाला, कॉलेजात थेट प्रवेश मिळतोय की" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक फी सवलतींना कॅपमधून प्रवेश ही अट असते.

दाखल्यांची फाईल

नेहमीचे कागद सगळ्यांना माहीत असतात: दहावी, बारावी किंवा डिप्लोमाची गुणपत्रकं, पदवीच्या सर्व सेमिस्टरची गुणपत्रकं, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, गेटचं स्कोअरकार्ड. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र. विद्यापीठ बदलणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. स्वायत्त कॉलेजात गुणपत्रक कॉलेजचं आणि पदवी शिवाजी विद्यापीठाची असते, त्यामुळे एका कागदासाठी कॉलेज आणि दुसऱ्यासाठी विद्यानगरचं विद्यापीठ असे दोन हेलपाटे गृहीत धरा.

पोरं अडकतात ती राखीव प्रवर्गाच्या कागदांत. राज्याच्या कॅपला जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि ज्यांना लागू आहे त्यांना नॉन क्रिमीलेअर, असे तिन्ही लागतात. वैधतेला महिने लागू शकतात. वडिलांच्या, चुलत्यांच्या, आजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात, आणि आजोबांची शाळा कुठल्या वाडीत होती हे आठवणारं माणूस घरात एखादंच असतं. त्या माणसाकडं दिवाळीच्या सुट्टीतच बसा. केंद्राच्या संस्थांना वैधता लागत नाही, पण तिथं नॉन क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातच हवं. सेवा केंद्रात अर्ज करताना तोंडानं स्पष्ट सांगा, "केंद्राच्या नमुन्यातला पाहिजे." न सांगितलं तर राज्याचाच निघतो. दोन्ही काढून ठेवणं सगळ्यात बरं.

मराठा समाजातल्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट, कारण इथं बरेच जण गोंधळतात. २०२४ च्या कायद्यानं आलेलं एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचं) १० टक्के आरक्षण फक्त राज्याच्या जागांना आहे. आयआयटी-एनआयटीच्या फॉर्ममध्ये तो पर्याय नसतो. तिथं कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी असेल, घर-प्लॉटच्या मर्यादेतही बसत असाल, तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो. कुणबी दाखला असेल तर केंद्रातही ओबीसी. म्हणजे एकाच पोराच्या फाईलमध्ये राज्यासाठी एक प्रवर्ग आणि केंद्रासाठी दुसरा असू शकतो, आणि त्यात काही गैर नाही.

२६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी याच कोल्हापूर संस्थानात सरकारी नोकरीतल्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. त्या गावच्या पोरीची जागा नमुना चुकला म्हणून जावी, हे मला खरंच सहन होत नाही.

विद्यावेतन

"घरीच राहून करायचंय, मग गेट कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठी हे. गेट क्वालिफाय होऊन एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्य संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये, २४ महिने मिळतात. आयआयटी-एनआयटीतही गेटवाल्यांना तेवढंच मिळतं. बिगर गेट प्रवेशाला हे नाही. बदल्यात आठवड्याला ८ ते १० तास प्रयोगशाळेत किंवा शिकवण्यात मदत करायची. त्या काळात दुसरीकडून पगार किंवा विद्यावेतन घेता येत नाही.

प्रवेशाच्या दिवशी गेटचा स्कोअर मुदतीत असायला हवा. एआयसीटीईच्या पोर्टलवर नोंदणी आधी कॉलेजला करावी लागते, मग विद्यार्थ्याला. दिलेल्या मुदतीत कॉलेजनं तुमची माहिती भरली का, हे दर आठवड्याला जाऊन विचारा, लाजू नका. हजेरीही कॉलेजच दर महिन्याला भरतं. बँकेचं खातं साधं बचत खातं हवं, एकट्याच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं. वडिलांबरोबरचं संयुक्त खातं किंवा जनधन खातं चालत नाही. आपल्याकडे बऱ्याच पोरांचं एकमेव खातं नेमकं तसंच असतं, म्हणून नवं खातं प्रवेशाच्या आधीच काढा आणि पासबुकावरचं नाव गेटच्या स्कोअरकार्डाशी जुळवून घ्या.