हाड जुळलं, मग गोळी कशाला? (आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी)

भाड्याचा वॉकर परत द्यायला येणारी निम्मी माणसं पिशवीतनं हाडांच्या उरलेल्या गोळ्यापण काढतात. "हाड जुळलं की ओ, आता ह्या परत घ्या." खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कुठनंही येवोत, प्रश्न तोच, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

उतारवयात उभ्याउभ्या घसरून मनगट मोडलं म्हणजे बहुतेकदा नुसतं मनगट कमजोर नसतं, सगळीच हाडं ठिसूळ झालेली असतात. प्लास्टर ते एक हाड जुळवतंय, बाकीच्यांना काही करत नाही. एकदा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडायचा धोका साधारण दुप्पट होतो आणि पहिल्या एक-दोन वर्षांत तर जास्तच, आज मनगट तर पुढं मणका नाहीतर खुबा. त्यामुळं डॉक्टर गोळी लिहून देतात ती दुखण्याची नसते, पुढच्या मोडण्याची असते. कधी थांबवायची तेही डॉक्टरच सांगणार, आम्ही नाही आणि शेजारच्या काकूपण नाहीत.

आता खरी भानगड. आठवड्यातनं एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची अॅलेन्ड्रोनेट ही हाडांची गोळी. ही लोक सकाळच्या चहाबरोबर घेतात, वर कॅल्शियमची गोळी, आणि मग आज्जी परत आडवी. तीन आठवड्यांनी छातीत जळजळतंय, गोळी सोसत नाही म्हणून पाकीट घेऊन दुकानात. अहो, ही गोळी नीट घेतली तरी एक टक्कासुद्धा अंगी लागत नाही, त्यात चहा, दूध नाहीतर कॅल्शियम पडलं की जवळजवळ काहीच उरत नाही, पैसे पाण्यात. आणि आडवं झालं की ती अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करू शकते.

तर सकाळी उठल्यावर अनशापोटी, एक भरलेला ग्लास साध्या पाण्याबरोबर, न चावता गिळायची. पुढं किमान अर्धा तास बसायचं, उभं राहायचं, अंगणात फिरायचं, पण आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. मग नाश्ता. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, विसरलात तर आठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या आणि पुढची ठरल्या वारीच, एका दिवशी दोन नकोत. ज्यांना अर्धा तास बसवत नाही, गिळायला त्रास आहे किंवा किडनीचं दुखणं आहे त्यांनी सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. इंजेक्शनं आहेत, वर्षातनं एकदा सलाईनमधनं द्यायचं आहे, सहा महिन्यांनी एकदा कातडीखाली द्यायचंही आहे.

हे सहा महिन्यांचं डेनोसुमॅब मात्र चुकवू नका. मधेच बंद केलं किंवा लांबवलं तर हाडं झपाट्यानं उतरतात, काहींचे तर एकापेक्षा जास्त मणके दबतात. बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध लागतं. फ्रिजमध्येच ठेवावं लागतं म्हणून आम्ही बर्फाच्या डब्यातनं देतो, तारीख जवळ आली की फोनपण करतो, फोन आला म्हणून चिडू नका.

डी जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट बहुतेकांना आठवड्यातनं एकच लिहिलेलं असतं. रोज एक घेणारे भेटलेत आम्हाला, त्यानं उलट्या होतात, किडनीला मार बसतो. नाचणीची आंबील जरूर प्या, चांगलीच आहे, पण ती औषधाच्या जागी चालत नाही.

फोडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही, चिठ्ठीशिवाय अॅलेन्ड्रोनेटची गोळी देतही नाही. राग येतो लोकांना, पण तुमच्या घरी उन्हात पडलेली गोळी दुसऱ्याच्या आज्जीला कशी देणार? नवीन असाल तर एक महिन्याच्या चारच गोळ्या न्या, सोसल्या तर पुढच्या न्या.

पडणं थांबवणं हे औषधाइतकंच मोठं. न्हाणीत ओली शहाबादी फरशी आणि साबणाचं पाणी, पावसाळ्यात लाईट गेलेली, रात्री उठताना झोपेच्या नाहीतर बीपीच्या गोळीची गरगर, बहुतेक पडणं इथंच. बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला, मनानं बंद करू नका, आणि डोळ्यात मोतीबिंदू असेल तर टाळत बसू नका. वॉकर उलटा करून खालचे रबर बघा. एका बाजूनं झिजून आतलं लोखंड दिसायला लागलं असेल तर तो वॉकरच माणसाला पाडतोय. आमच्याकडनं भाड्यानं नेलेल्याचे रबर फुकट बदलून देतो, दुसरीकडनं घेतलेल्याचे फक्त रबरचे पैसे. न्हाणीत धरायचा दांडा शहरात घरी येऊन बसवतो, गावात असाल तर भिंत विटांची की मातीची ते आधी सांगा, मातीत साधा खिळा टिकत नाही.

डिस्चार्जचा कागद कन्नडमध्ये असेल तर घेऊन या, वाचून सांगतो, त्याचे पैसे नाहीत. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.