४०९६ हे कुणी ठरवलं होतं?

रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक ऑक्टोबर २०२३मध्ये बाजारात आला. हौशी मंडळींनी पाय ४ वरचे आपले प्रोग्रॅम त्यावर चढवले, तर त्यातले काही सुरू होताक्षणीच गारद. पडद्यावर एकच ओळ: ‘जेमॅलॉक: अनसपोर्टेड सिस्टीम पेज साइझ’. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तीच, प्रोग्रॅमचा एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नाही. बदलला होता फक्त एक आकडा.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, हा मेमरीचा घाऊक व्यापारी. तो सुटा माल देत नाही. ‘पेज’ नावाच्या ठरावीक मापाच्या गोणीतच देतो. प्रोग्रॅमला मात्र कधी ३० बाइट हवे असतात, कधी ५००. म्हणून मधे किरकोळ दुकानदार बसतो, तो मेमरी ॲलोकेटर. गोणी फोडायची, पुड्या बांधायच्या, परत आलेल्या पुड्या पुन्हा खपवायच्या आणि गोणी पूर्ण रिकामी झाली की कर्नलला परत करायची, हा त्याचा धंदा. लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीत असा दुकानदार आयताच मिळतो. पण रेडिस या डेटाबेससारखे प्रोग्रॅम लिनक्सवर स्वतःचा दुकानदार, जेमॅलॉक, सोबत घेऊन येतात. जेसन इव्हान्स यांनी तो फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिला. नावातलं ‘जे-ई’ त्यांच्याच आद्याक्षरांचं.

वर्षानुवर्षं गोणीचं माप होतं ४ केबी, म्हणजे ४०९६ बाइट. पाय ५चं कर्नल १६ केबीची गोणी घेऊन आलं. ॲपलच्या एम१ चिपवर चालणाऱ्या ‘असाही लिनक्स’मध्येही हेच माप. मोठ्या गोणीचा फायदा उघड आहे: ८ जीबी मेमरीची ४ केबीची पेजेस होतात २०,९७,१५२ आणि १६ केबीची ५,२४,२८८. पेजेस जितकी कमी, तितकी प्रोसेसरची पत्ते शोधण्याची दगदग कमी.

मग जेमॅलॉक अडला कुठे? त्याच्यात पेजचं माप बांधणीच्या, म्हणजे सोर्स कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करण्याच्या, वेळीच पक्कं होतं. वेगळं सांगितलं नाही, तर ज्या यंत्रावर बांधणी चालू आहे त्याचंच माप तो उचलतो. म्हणजे सोर्स कोड एकच, पण ४ केबीवाल्या यंत्रावर बांधलेली प्रत १६ केबीवाल्या घरी चालत नाही.

आणि अडून बसतो ते बरंच करतो. समजा तो तसाच रेटून चालला आणि कर्नलला म्हणाला, ‘हे ४ केबी आता नकोत.’ पत्ता १६ केबीच्या सीमेवर नसेल तर कर्नल सरळ नकार देतं, ठीक. पण पत्ता नेमका सीमेवर असला, तर कर्नल लांबी वाढवून पेज पूर्ण करतं. ४ केबी परत करायला गेलो आणि शेजारचे १२ केबीही गेले. तिथे कुणाचा चालू हिशेब असेल, तर पुढच्या वाचनात नुसती शून्यं. त्यापेक्षा दारातच थांबणं परवडलं. म्हणून सुरू होतानाच तो पेजचं माप विचारतो आणि ते आपल्या मापापेक्षा मोठं निघालं की हात वर करतो.

लहान माप मात्र त्याला चालतं. त्यामुळे ६४ केबी धरून बांधलेली प्रत ४, १६, ६४ अशा तिन्ही ठिकाणी धावते. थोडी मेमरी वाया जाते, इतकंच. ज्यांना पुन्हा बांधणीची कटकट नको होती, त्यांनी पाय ५च्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून ४ केबीचं कर्नल परत आणलं. माझ्या मते ती पळवाट आहे, पण रात्री अकरा वाजता सर्व्हर बंद असेल तर मीही तीच ओळ घालीन.

आता हे लोण खिशातल्या फोनपर्यंत आलं आहे. अँड्रॉइड १५ने १६ केबीच्या पेजला वाट करून दिली. १ नोव्हेंबर २०२५पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या, अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्यासाठी बनलेल्या नव्या ॲपना आणि अपडेटना हे माप पेलावं लागतं. निव्वळ जावा-कोटलिन या भाषांमधल्या ॲपना सहसा झळ नाही. सी किंवा सी++मधली लायब्ररी आत असेल, तर ती नव्याने बांधायची आणि मग कोडमध्ये कुणी कुठे ४०९६ लिहून ठेवलंय ते शोधत बसायचं.