पहिलं पान सप्टेंबरचं की जूनचं? ऋतू आणि फळांच्या बालपुस्तकांची पार्श्वभूमी

ऋतूंवरच्या मुलांच्या माहितीपुस्तकांत सफरचंदाचं झाड हे ठरलेलं पात्र आहे. पहिल्या पानावर ते लाल फळांनी लगडलेलं असतं. मग पानं पिवळी पडून गळतात, मग बर्फात उघड्या फांद्या, मग पांढरी-गुलाबी फुलं, मग सुपारीएवढी हिरवी फळं आणि शेवटी पुन्हा लाल. ही पुस्तकं, त्यांचे अनुवाद आणि त्यांच्यावर बेतलेली पुस्तकं कोकणातल्या शाळांपर्यंतही पोचतात. मुलं ती आवडीने बघतात आणि बघावीतच, कारण त्यातली चांगली पुस्तकं फार काळजीने केलेली असतात. प्रश्न वेगळा आहे. ज्या मुलाच्या दारात वर्षभर हिरवागार राहणारा आंबा उभा आहे, त्याच्या हातात ऋतूंचं पहिलं पुस्तक म्हणून सफरचंदच का येतं?

याचा माग काढत मागे गेलं की १६५८ साल लागतं. योहान आमोस कोमेनियस या चेक शिक्षकाचं सचित्र पाठ्यपुस्तक त्या वर्षी न्यूरेंबर्गला छापलं गेलं. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा आणि मजकुरात त्या वस्तूच्या नावापाशी तोच आकडा, अशी त्याची रचना होती. फळझाडांना त्यात स्वतंत्र पान होतं आणि त्यात सफरचंद होतंच. आज फुलाच्या आकृतीला आपण १, २, ३ घालून खाली नावं देतो, तेव्हा हीच पद्धत वापरत असतो. इंग्लंडात ‘ए’ म्हणजे सफरचंदाचा पाय, म्हणजे भरलेली गोड पोळी, असं वर्णमालेचं गाणं सतराव्या शतकापासून मुलांच्या तोंडी आहे. ‘ए फॉर ॲपल’ ही त्याच घराण्यातली ओळ.

ऋतुचक्राशी सफरचंदाची गाठ पक्की झाली ती अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे निसर्ग-अभ्यासाची चळवळ उभी राहिली. न्यू यॉर्क राज्यातलं कॉर्नेल विद्यापीठ तिचं मोठं केंद्र होतं. शेती मंदीत होती, खेड्यातली मुलं शहराकडे निघाली होती, आणि त्यांना आपल्या शिवाराची गोडी लागावी म्हणून विद्यापीठ शिक्षकांना पत्रकं पाठवत होतं. त्या कामातून ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांचं शिक्षकांसाठीचं जाडजूड हस्तपुस्तक १९११ साली आलं. आधी झाड बघायचं, मग पुस्तक उघडायचं, अशी त्याची शिस्त. न्यू यॉर्क हा सफरचंदाचा मुलूख, त्यामुळे शाळेबाहेर पडलं की समोर सफरचंदाचीच बाग असे.

यात शाळेच्या वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अमेरिकेत शाळा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात उघडतात आणि सफरचंदाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. वर्गात पहिल्या आठवड्यात फळ, दिवाळीच्या सुमारास पानगळ, जानेवारीत उघड्या फांद्या, मे महिन्यात फुलं. झाडाचं वर्ष आणि शाळेचं वर्ष असं हातात हात घालून चालतं. म्हणूनच पुस्तकाचं पहिलं पान पिकल्या फळाचं ठेवता येतं.

कोकणात हे गणित उलटं आहे. आपली शाळा जूनच्या मध्यावर, पावसाबरोबर उघडते. हापूस एप्रिल-मेमध्ये पिकतो, म्हणजे परीक्षा चालू असतात किंवा उरकून सुट्टी लागलेली असते. फणस, करवंदं, जांभळं, रातांबे हे सगळं सुट्टीतलं. वर्गात बसलेल्या मुलाला पिकलेला आंबा फक्त चित्रात दिसतो. सफरचंदाच्या पुस्तकाचा साचा उचलून त्यात आंबा बसवला की पहिल्याच पानावर गडबड होते. पिकलेला आंबा दाखवून धडा सुरू करायचा, तर बाहेर धो धो पाऊस आणि झाडावर एकही फळ नाही.

साच्यातली दुसरी अडचण नावांची. ‘ऑटम’चा अनुवाद सरसकट ‘शरद’ असा करतात आणि चित्रात पानं गळताना दाखवतात. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. त्या वेळी कोकणात भातकापणी चाललेली असते, आभाळ निवळलेलं असतं आणि झाडं पावसाने तरारलेली असतात. आपली पानगळ शिशिरातली, ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. सावर आणि पांगारा तर पानं टाकून मग फुलतात. आंबा, फणस, काजू, कोकम कधीच पूर्ण बोडके होत नाहीत. इथे पानं गळतात ती कोरड्या दिवसांत पाणी राखण्यासाठी, तिथे बर्फाळ थंडीतून तगण्यासाठी. एवढं एक वाक्य पुस्तकात आलं तर मुलाचा मोठा गोंधळ वाचेल.

खरं तर बारकाईने काळ मोजण्याची पद्धत कोकणात आधीपासून आहे. पावसाळा इथे नक्षत्रांनी मोजतात. जूनच्या ७-८ तारखेला मृग, २१-२२ ला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असं हस्त-स्वातीपर्यंत. एकेक नक्षत्र साधारण १३-१४ दिवसांचं. मृगात मखमली लाल किडा दिसतो, वहाळाला पाणी आलं की चढणीचे मासे येतात, तरवा (भाताची रोपं) पेरला जातो, मग लावणी, आणि भाद्रपदाच्या सुमारास सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रानफुलांचे गालिचे. चार ऋतूंच्या चार चौकटींत हे मावत नाही.

मराठी बालवाचनाच्या इतिहासात माहितीला जागा सुरुवातीपासून होती. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक. त्यात भूगोल आणि विज्ञानाचे विषय सोप्या मराठीत येत. मुलांसाठी विनायक कोंडदेव ओक यांचं ‘बालबोध’ १८८१ साली सुरू झालं. चरित्र, कविता यांच्या जोडीला शास्त्रीय विषयाला त्यात मानाची जागा होती. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचं ‘आनंद’ आलं. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली. पुढे परिसर अभ्यासात तिसरीसाठी जिल्हावार पुस्तक करण्याची पद्धत आली, ती फार मोलाची. रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरीचंच पीकपाणी वाचायला मिळावं, हा विचार त्यामागे होता. रंगीत, मोठ्या चित्रांच्या माहितीपुस्तकांत मात्र हा विचार फारसा उतरला नाही. तिथे अनुवादच जास्त झाले.

आपल्या अंकलिपीतलं पहिलं फळही बाहेरूनच आलेलं आहे. ‘अ अननसाचा’ म्हणतो तो अननस दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांबरोबर तो सोळाव्या शतकात इकडे आला आणि नावही तिकडचंच घेऊन आला. काजूही ब्राझीलचा, त्याच गलबतांतून उतरलेला. तेव्हा सफरचंद परकं म्हणून बाजूला सारावं, असं म्हणण्यात अर्थ नाही. सफरचंद स्वतः अमेरिकेतही पाहुणंच. त्याचा रानटी पूर्वज मध्य आशियात, कझाकस्तानच्या त्येन शान डोंगरांत आजही उगवतो.

सफरचंद कोकणात का होत नाही, हे पुस्तकात नीट सांगता येतं. ‘रेड डिलिशस’सारख्या जातीला हिवाळ्यात ७ अंशांखालचे ८०० ते १२०० तास लागतात. तेवढी थंडी साठली नाही तर कळ्या एकसाथ फुटत नाहीत, फुलं मागेपुढे येतात आणि फळ धरत नाही. रत्नागिरी-वेंगुर्ल्यात भर थंडीतही पहाटेचा पारा क्वचितच १५ च्या खाली जातो. भारतात हे झाड रुजलं ते काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात. सिमल्याजवळच्या कोटगढला सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकन जाती आणल्या आणि तिथलं अर्थकारण पालटलं. आता ‘ॲना’, ‘डॉर्सेट गोल्डन’ किंवा हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची ‘एचआरएमएन-९९’ अशा कमी थंडीच्या जाती आहेत. त्या उष्ण भागात फळतात, पण झाडाचं ऋतुचक्र बर्फाळ मुलखासारखं दिसत नाही.

सफरचंदाच्या पुस्तकांतून उचलण्यासारखं खूप आहे. फळ आडवं कापलं की पाच कप्प्यांची चांदणी दिसते आणि प्रत्येक कप्प्यात सहसा दोन बिया. फुलाच्या पाच पाकळ्यांशी या पाचाचा मेळ मुलांना लगेच कळतो. फळाच्या बुडाशी वाळलेली टोकं असतात, ती फुलाची निदलं. चुकीचं चित्र कसं ओळखावं, तर गळलेल्या पाकळीच्या जागी फळ चिकटवलेलं असतं. सफरचंदात फुलाच्या तळाचा भाग फुगून गर होतो. आंब्यात खुद्द बीजकोश वाढतो, आणि कोवळ्या कैरीच्या टोकाला फुलाची खूण राहते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘बी पेरली, तसंच झाड आलं’ असा बाण काढणं. सफरचंदाच्या बीतून आईसारखं फळ येत नाही, हापूसच्या कोयीतूनही नाही. म्हणूनच दोन्हीकडे कलमं बांधतात.

तेव्हा कोकणच्या पुस्तकाचं पहिलं पान जूनचं हवं, आणि त्यावर कोय हवी. उकिरड्यावर, परसात, ओढ्याच्या काठी टाकलेल्या कोयी पहिल्या पावसात फुटतात. लालसर, तांबूस कोंब सरळ वर येतो. पंधरवड्याचा झाला की बागायतदार त्यावर कोय कलम करतात. रोपाचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर देतात. हापूसची तीन-चार महिन्यांची, १०-१५ सेंटिमीटर लांबीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. काडी रोपापेक्षा जाड निवडली तर साली जुळत नाहीत, बांधणी सैल राहिली तर आत पाणी शिरून कुजते. साधारण तीन आठवड्यांत नवे डोळे फुटतात. हे सगळं शाळा चालू असताना घडतं आणि चौथीतल्या मुलाला शेजारी उभं राहून बघता येतं.

पावसाळा सरला की पालवी. तिचा रंग हिरवा काढू नये, कोवळी पानं तांबूस, मऊ आणि लोंबती असतात. थंडीबरोबर मोहोर येतो. एका तुऱ्यावर शेकडो फुलं, पण त्यात फळ धरू शकणारी द्विलिंगी फुलं हापूसमध्ये थोडी, बाकी नर. तुऱ्यावर शेवटी एखादं-दुसरं फळ राहतं. परागीकरण मुख्यतः माश्या करतात, त्यामुळे चित्रात नुसती मधमाशी काढून भागत नाही. तुडतुडे, भुरी आणि करपा हे मोहोराचे शत्रू. थंडी फार लांबली तर झाडाला पुन्हा मोहोर येतो आणि आधीच्या बारीक कैऱ्या गळतात. सफरचंदाला थंडी कमी पडून नुकसान होतं, आंब्याला ती जास्त झाल्यानेही. ही दोन चित्रं समोरासमोरच्या पानांवर फार छान बसतील.

फळाच्या वाढीसाठी बागेत ठरलेली मापं आहेत: वाटाणा, गोटी, सुपारी, अंडं. मुलांना मोजपट्टीची गरजच नाही. चित्रकाराने ही चारही मापं प्रत्यक्ष आकारात काढावीत, म्हणजे मूल कैरी पानावर धरून ताडून बघेल. मोहोर ते काढणी साधारण चार महिने. काढणी झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आणि देठ राखून, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. तयार हापूस पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो, हा प्रयोग बादलीभर पाण्यात होतो. मग पेंढ्यातली आढी. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कापल्यावर पांढरा, रबरासारखा साका निघतो, तेही चित्र असू द्यावं. मुलांपासून खराब फळ लपवण्यात काही हशील नाही.

जोडीला काजूचं एक पान हवंच, कारण आपलं खरं ‘ॲपल’ तेच आहे. इंग्रजीत बोंडूला काजूचं सफरचंद म्हणतात, आणि सफरचंदासारखाच त्याचा गरही बीजकोशापासून झालेला नसतो, तो फुगलेला देठ असतो. क्रम नीट दाखवावा: आधी हिरवी बी पूर्ण आकाराची होते, मग शेवटच्या काही आठवड्यांत तिच्या मागचा देठ भराभर फुगून पिवळा किंवा लाल बोंडू होतो. ओल्या बीच्या सालीतलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, ही सूचना चित्राशेजारीच ठळक छापावी. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून तिघांच्या चिकाचा स्वभाव सारखा.

छपाईचं गणित जुळून येतं. मोठ्या कागदाच्या घड्यांमुळे बालपुस्तकाची पानं सहसा ८ च्या पटीत असतात. २४ पानांचं पुस्तक केलं तर १२ महिन्यांना दोन-दोन पानं मिळतात, नाव आणि प्रकाशनाची माहिती मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला जाते. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी पानावर २५-३० शब्द पुरेत, आणि अक्षर एवढं मोठं हवं की जोडाक्षरं चिकटणार नाहीत. महिन्यांची नावं जून, जुलै अशी आणि खाली नक्षत्र किंवा मराठी महिना. तारखा मात्र ‘साधारण’ म्हणूनच द्याव्यात. नोव्हेंबरात पाऊस लांबला की मोहोर पुढे जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने तर दापोली-श्रीवर्धनच्या बागाच आडव्या केल्या.

म्हणून प्रत्येक जोडपानाच्या तळाशी दोन रिकाम्या ओळी सोडाव्यात. देशभरातल्या शाळा ‘सीझनवॉच’ उपक्रमात एकच झाड निवडून दर आठवड्याला नोंदतात: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं, आणि प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘खूप’. तेवढेच तीन शब्द या ओळींत चालतील. झाड शाळेच्या वाटेवरचं असावं, म्हणजे रोज दिसेल. एक फांदी सुतळी बांधून पक्की करावी आणि तीच बघावी, नाहीतर पुढच्या आठवड्यात भलतीच फांदी मोजली जाते. सुट्टीतल्या एप्रिल-मेच्या ओळी घरी भरायच्या. त्या पानांवर मुलाच्या नोंदीबरोबर आंब्याचा एखादा पिवळा डाग पडलेला असेल, तर कागद पुसता येईल असाच निवडलेला बरा.