पार्श्वभूमी : ॲप स्वतःच्या नावाने लॉगिन करतं तेव्हा

१ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये ही मर्यादा ५०० कोटी होती, तेव्हा हा विषय मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागापुरता होता. ती ५ कोटींवर आली आणि नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नरमधले जॉबवर्कवाले, प्रेसशॉपवाले, पॅकेजिंगवालेही त्यात आले. दिवसाला दोन-चार बिलं असली तर पोर्टलवर बसून हाताने काढता येतात. पण तिसऱ्या पाळीत माल भरून टेम्पो चाकणकडे निघणार असेल, तर बिल, आयआरएन (पोर्टल बिलाला देतं तो नोंदणी क्रमांक) आणि ई-वे बिल (माल वाहतुकीची सरकारी नोंद) ईआरपीनेच, म्हणजे कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरनेच, परस्पर काढायचं असतं. अकाउंटंट तेव्हा घरी झोपलेला असतो. मग सरकारी सर्व्हरपुढे लॉगिन करायचं कोणी, आणि कोणाच्या नावाने?

प्रश्न इंटरनेटइतकाच जुना आहे आणि त्याची उत्तरं दर काही वर्षांनी बदलत आली आहेत. पण त्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच अडचण दिसते : यंत्राचं पहिलं गुपित ठेवायचं कुठे? माणूस पासवर्ड लक्षात ठेवतो, ओटीपी मोबाइलवर बघतो. यंत्राचं गुपित कुठल्या तरी फाइलीत असणारच. ती फाइल कोण वाचू शकतं आणि त्यातलं गुपित कोण बदलतं, यावर बाकीचं सगळं ठरतं.

युनिक्सच्या जमान्यात उत्तर सरळ होतं. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर एफटीपी या जुन्या पद्धतीने फाइल पाठवायची आणि पासवर्ड होम डिरेक्टरीतल्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेला असायचा. यापेक्षा शहाणा विचार एमआयटीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट अथेनातून पुढे आला. तिथल्या कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या यंत्रणेने पासवर्ड वायरवरून पाठवणंच बंद केलं. मध्यवर्ती सर्व्हर ठरावीक मुदतीचं तिकीट देतो आणि सेवा ते तिकीट तपासते. माणूस नसलेल्या प्रोग्रामसाठी त्यात कीटॅब नावाची फाइल असते, तिच्यात सेवेची किल्ली साठवलेली. १९९३ मध्ये कर्बेरॉसची पाचवी आवृत्ती आरएफसी १५१० म्हणून प्रसिद्ध झाली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारा क्रमांकित दस्तऐवज). मुदतीचं तिकीट ही कल्पना आज आपण टोकन म्हणून वापरतो त्याच्या कितीतरी आधीची आहे, हे ओऑथ (टोकन देण्याची आजची रुळलेली पद्धत) शिकवणाऱ्या क्लासमध्ये क्वचितच सांगितलं जातं.

वेबने मात्र हा धडा घेतला नाही. मे १९९६ मधल्या एचटीटीपी १.० च्या, म्हणजे वेबच्या संवादनियमांच्या, दस्तऐवजात बेसिक ऑथेंटिकेशन होतं : युजरनेम, मध्ये कोलन, पुढे पासवर्ड, हे सगळं बेस-६४ मध्ये बदलून प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायचं. बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे, कोणीही एका ओळीच्या कोडने उलटं करू शकतो. पद्धत ब्राउझरपुढे बसलेल्या माणसासाठी होती, पण प्रोग्रामरना ती इतकी सोपी वाटली की एपीआयसाठीही, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याच्या वाटेसाठीही, तीच रुळली. प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटहबने एपीआयवरची पासवर्डची वाट नोव्हेंबर २०२० मध्ये बंद केली, मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या ईमेल सेवेतून बेसिक काढायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

मधल्या काळात एपीआय की आली. गुगलने एप्रिल २००२ मध्ये शोधाचा एपीआय खुला केला, तेव्हा नोंदणी करणाऱ्याला एक लायसन्स की मिळायची आणि दिवसाला १००० शोध करता यायचे. त्या कीचा पहिला उपयोग मोजदाद होता : कोण किती वापरतो ते कळावं. ओळख पटवण्याचं काम तिच्या गळ्यात हळूहळू पडलं. आजही अनेक ठिकाणी की यूआरएलमध्येच लिहितात आणि ती सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत), मधल्या प्रॉक्सी सर्व्हरच्या लॉगमध्ये, कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमध्ये पडून राहते.

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-३ ही साठवणुकीची सेवा सुरू केली तेव्हा वेगळी वाट धरली. गुपित पाठवायचंच नाही. विनंतीचा प्रकार, तारीख, कुठली फाइल हवी तो पत्ता, असे तुकडे ठरलेल्या क्रमाने जोडायचे, त्या मजकुरावर गुपित किल्लीने एचमॅक, म्हणजे एक गणिती सही, काढायचा आणि तेवढी सहीच पाठवायची. एचमॅकचं गणित फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०४ ने मांडलं होतं. सही मधल्यामध्ये कोणी पाहिली तरी त्यावरून किल्ली काढता येत नाही, आणि वेळ सहीतच असल्याने तीच विनंती उद्या पुन्हा पाठवून भागत नाही. गंमत अशी की विनंतीवरची वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा १५ मिनिटांहून जास्त चुकली तर सही बरोबर असूनही विनंती नाकारली जाते. चुकलेल्या घड्याळापायी कोडमध्ये दोष शोधत बसलेल्या प्रोग्रामरची जमात तेव्हापासूनची.

ओऑथचा जन्म या प्रश्नासाठी झालेला नाही. २००६ च्या अखेरीस ट्विटरमधल्या ब्लेन कुक यांच्यापासून सुरू झालेल्या चर्चेतून ओऑथ १.० आलं, २००७ मध्ये. एका साइटला दुसऱ्या साइटवरचा आपला डेटा वापरू द्यायचा, पण पासवर्ड द्यायचा नाही, अशी त्यामागची गरज. म्हणजे मध्ये माणूस, त्याची संमती, त्याने दाबलेलं ‘परवानगी द्या’ बटण. ॲप, सेवा आणि माणूस अशी तीन पायांची ही रचना. लोकांनी लगेच त्यातला माणसाचा पाय काढून दोन पायांवर चालवायला सुरुवात केली : ॲपची की आणि गुपित घ्यायचं, माणसाच्या टोकनची जागा रिकामी ठेवायची, सही करून पाठवायची. मूळ मांडणीत ही वाट नीट आखलेली नसल्याने प्रत्येक कंपनीची तऱ्हा थोडी वेगळी झाली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९, म्हणजे ओऑथ २.०, आलं तेव्हा या दोन पायांच्या वाटेला पहिल्यांदा अधिकृत नाव मिळालं : क्लायंट क्रेडेन्शियल्स ग्रँट. दस्तऐवजाचा तो भाग अगदी आटोपशीर आहे. टोकन देणाऱ्या सर्व्हरला ॲप आपला क्लायंट आयडी (ओळख) आणि क्लायंट सीक्रेट (गुपित) दाखवतं, बदल्यात थोड्या मुदतीचं टोकन मिळतं, पुढच्या प्रत्येक विनंतीला ते जोडायचं. रिफ्रेश टोकन (मुदत संपल्यावर नवं टोकन मिळवून देणारं) देऊ नये असंही तिथे म्हटलं आहे. मुदत संपली की ॲपने पुन्हा स्वतःच जाऊन नवं आणावं; त्याला पुन्हा लॉगिन करायचा कंटाळा थोडाच आहे. आणि हे सगळं फक्त गुपित सांभाळू शकणाऱ्या क्लायंटसाठी. मोबाइल ॲपमध्ये सीक्रेट घालून पाठवलं तर ते गुपित उरत नाही, कारण ॲप उघडून पाहणारा ते काढतोच.

या सोपेपणाची किंमत होती. ओऑथ २.० ने सहीचा खटाटोप काढून टाकला आणि बेअरर टोकन आणलं. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निघणारी नोट जशी ज्याच्या हातात त्याची, तसंच हे टोकन : आणणारा कोण, हे सर्व्हर विचारत नाही. ओऑथ २.० चे प्रमुख संपादक एरन हॅमर जुलै २०१२ मध्ये दस्तऐवजावरून आपलं नाव काढून बाहेर पडले, त्यामागे अशाच तडजोडींबद्दलची नाराजी होती. त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. सहीसाठी पॅरामीटर क्रमाने लावताना एका चुकलेल्या चिन्हापायी दिवस घालवणाऱ्यांना बेअररने सोडवलं, हेही खरंच आहे.

पुढची दहा-बारा वर्षं ती किंमत कमी करण्यात गेली. मे २०१५ मध्ये जेडब्ल्यूटी, म्हणजे सही केलेल्या माहितीचं टोकन, प्रमाणित झालं, आणि त्याच महिन्यातल्या आरएफसी ७५२३ ने सीक्रेट पाठवण्याऐवजी फक्त ॲपकडेच राहणाऱ्या खासगी किल्लीने सही केलेलं जेडब्ल्यूटी दाखवायची सोय केली. ई-इनव्हॉइसवरचा क्यूआर कोड साध्या स्कॅनरने वाचला की अक्षरांची लांबलचक माळ दिसते. तेही सही केलेलं जेडब्ल्यूटीच. तिथे सही सरकारी पोर्टलची असते. फेब्रुवारी २०२० मधल्या आरएफसी ८७०५ ने टोकन ॲपच्या डिजिटल प्रमाणपत्राला बांधलं, तर सप्टेंबर २०२३ मधल्या आरएफसी ९४४९ ने प्रमाणपत्राशिवाय तेच साधलं. चोरलेलं टोकन नुसतं हातात असून मग उपयोग नाही.

पण टोकन सुरक्षित झालं तरी ते मिळवून देणारं गुपित फाइलीतच राहिलं. २०१६ मध्ये उबरच्या प्रोग्रामरांच्या गिटहबवरच्या खासगी कोडमध्ये हल्लेखोरांना ॲमेझॉनची किल्ली सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. ॲमेझॉनने त्याआधीच, जून २०१२ मध्ये, यावर उपाय काढला होता : आपल्या आभासी मशीनला भूमिका (ठरावीक अधिकार) द्यायची, आणि त्या मशीनने १६९.२५४.१६९.२५४ या आतल्या पत्त्यावर विचारलं की तात्पुरती किल्ली मिळायची. फाइल नाही, पासवर्ड नाही. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या प्रकरणात हल्लेखोराने बँकेच्याच सर्व्हरला फसवून त्या पत्त्यावर विचारायला लावलं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथेही आधी सत्र-टोकन घेण्याची सोय आली. २०२१ पासून गिटहबवर चालणाऱ्या कामांनाही साठवलेल्या किल्लीशिवाय क्लाउडमध्ये शिरता येतं, कारण ‘हे काम अमुक कोडमधलं आहे’ अशी सही गिटहब स्वतः करतं.

या सगळ्यात आपल्याकडचं ई-इनव्हॉइस कुठे बसतं? ईआरपी पोर्टलला क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट हेडरमध्ये, म्हणजे विनंतीच्या वरच्या भागात, पाठवतं. सोबत करदात्याचं युजरनेम, पासवर्ड आणि ईआरपीने त्या क्षणी तयार केलेली ॲप-की, हे पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून (तिने बंद कोणीही करू शकतो, उघडू फक्त पोर्टल शकतं). उत्तरात टोकन येतं, सहा तास चालणारं, आणि ॲप-कीनेच उघडणारी एक सत्र-किल्ली, म्हणजे तेवढ्या सत्रापुरती किल्ली. पुढची बिलं तिनेच बंद करून पाठवायची. १९९६ चं युजरनेम-पासवर्ड, २०१२ चं क्लायंट सीक्रेट आणि कर्बेरॉसच्या जातीची सत्र-किल्ली, असं तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब. लहान कारखान्यांचं क्लायंट सीक्रेट बहुधा जीएसटी सुविधा प्रोव्हायडरकडे (पोर्टलशी जोडून देणाऱ्या कंपनीकडे) असतं, स्वतःकडे फक्त एपीआय युजर, म्हणजे ईआरपीच्या लॉगिनसाठीचं खातं.

हा एपीआय युजर पोर्टलवर वेगळा तयार करता येतो, आणि तो तसाच करावा. अंबडमधल्या एका युनिटमध्ये तो अकाउंटंटने आपल्या नेहमीच्या पासवर्डने केला होता. तो नोकरी सोडून गेला, मालकांनी ‘सेफ्टी म्हणून’ सगळे पासवर्ड बदलले, आणि त्या रात्री डिस्पॅच अडला. ईआरपीच्या कॉन्फिग फाइलीत जुनाच पासवर्ड होता, आणि तिथे तो आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं. क्लाउडमधल्या मशीनची हमी क्लाउड देतो. केबिनमधल्या टेबलाखालच्या सर्व्हरची हमी द्यायला असं कोणी नसतं. त्याच्यासाठी फाइलीची परवानगी आवळणं, वेगळा युजर ठेवणं आणि तो कुठे लिहिलाय याची नोंद करणं, एवढंच हातात उरतं.

शेअर बाजारात वारं उलटं आहे. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगसाठी, म्हणजे प्रोग्रामने आपोआप होणाऱ्या खरेदी-विक्रीसाठी, खुले एपीआय बंद करायला सांगितले. ग्राहकागणिक की, ठरलेला आयपी पत्ता, ओऑथवर आधारित लॉगिन आणि दुहेरी पडताळणी, असा आग्रह धरला. ऑर्डरमागे जबाबदार माणूस दिसायला हवा, हा त्यामागचा रोख. नाशिकच्या कॉलेज रोडच्या फ्लॅटमधून अल्गो चालवणाऱ्या पोरांचा त्यावरचा जुगाड मात्र आधीपासूनच तयार आहे : दुहेरी पडताळणीसाठीचा, दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड ज्या बीजातून निघतो, ते बीजच स्क्रिप्टमध्ये, पासवर्डच्या खालच्या ओळीत लिहून टाकायचं.