आजी-मामाकडे वाढणाऱ्या मुलाचा तात्पुरता ताबा: अर्ज कुठे, कसा

आई-वडील मुंबईत आणि मूल गावी आजीकडे, हे कोकणात घरोघरी आहे. आई-वडील दोघेही वारले की मात्र शाळेत, दवाखान्यात, बँकेत एकच प्रश्न येतो: तुम्ही मुलाचे कोण? आजीकडे दाखवायला कागद नसतो.

त्यासाठी पालक व पाल्य कायदा, १८९० खाली पालक नेमण्याचा अर्ज करतात. त्याचा निकाल लागायला वेळ लागतो, म्हणून त्याच अर्जासोबत कलम १२ खाली तात्पुरत्या ताब्याचाही अर्ज द्या. बरेच जण निकालाची वाट पाहत बसतात आणि मुलाचे हाल होतात. या आदेशाने तुम्ही पालक ठरत नाही, पण तोवर मूल कोणाजवळ राहील हे ठरते.

अर्ज जिल्हा न्यायालयात: अलिबाग (रायगड), रत्नागिरी किंवा ओरोस (सिंधुदुर्ग). मूल नेहमी जिथे राहते तिथलेच न्यायालय लागते. मे महिन्याच्या सुट्टीपुरते गावी आलेले मूल गावचे रहिवासी ठरत नाही, आणि समोरची बाजू पहिली हरकत याचीच घेते. म्हणून गावच्या शाळेचा बोनाफाईड दाखला आणि आरोग्य केंद्रातले लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा.

सोबत मुलाचा जन्मदाखला, आई-वडिलांचे मृत्यू दाखले, तुमचे आधार व रेशनकार्ड, जवळच्या नातेवाइकांची नावे-पत्ते आणि मुलाच्या नावावर जमीन-घर असल्यास त्याचा तपशील. पालक व्हायला तयार असल्याचे तुमच्या सहीचे निवेदन हवे, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. हा कागद राहून जातो, आधीच करून ठेवा.

आई किंवा वडील हयात असतील, तर ते पालक म्हणून अयोग्य आहेत हे न्यायालयाला पटवावे लागते. नुसते भांडण त्याला पुरत नाही.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आजीने अर्ज स्वतःच्या नावाने करावा, तो याचसाठी.

मुलाला सांभाळणारे कोणीच नसेल तर मार्ग वेगळा. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. सापडलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. पुढे प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे मुलाला सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबात, ठेवण्याचा आदेशही समितीच देते.

आदेश झाला की प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करा, दोन-तीन प्रती घ्या. शाळेत आणि बँकेत तीच मागतात.