हाल्डेनच्या शेळ्या, ब्यूलमानची तळी आणि आपले घाट: डायव्ह कॉम्प्युटरच्या हिशेबाची पार्श्वभूमी

गोव्यात ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला, कोर्स संपला की पुढचा प्रश्न ठरलेला: डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली सुरक्षितपणे आणखी किती मिनिटं राहता येईल ते सांगणारं मनगटावरचं यंत्र, कुठला घ्यायचा? सुंटो, क्रेसी, मारेस, आणि खिसा जड असेल तर शिअरवॉटर किंवा गार्मिन. तुलना पडद्याचा रंग, बॅटरी आणि किंमत यांच्यावर सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एकाच बोटीवरून, एकाच खोलीवर गेलेल्या दोघांच्या मनगटांवर उरलेली मिनिटं वेगवेगळी का दिसतात? हा फरक कुठून आला, ते कळलं तरच निवडीला अर्थ आहे.

पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत राहतो. भरभर वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मज्जारज्जू, कधी मेंदूही त्यांच्या तडाख्यात सापडतो. १८७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालणारे मजूर दाबाखालच्या बंद कोठ्यांमध्ये काम करत. बाहेर आल्यावर त्यांतले कित्येक वेदनेने वाकून जात. याचं मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८मध्ये दाखवलं. मात्र किती वेळ खाली राहायचं आणि कसं वर यायचं, याचा हिशेब पुढची तीस वर्षं कुणाकडे नव्हता.

तो मांडला जॉन स्कॉट हाल्डेन यांनी, ब्रिटिश नौदलासाठी. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवलं आणि दाब वेगवेगळ्या गतीने उतरवून पाहिला. त्रास झालेली शेळी पुढचा पाय उचलून धरते, त्यामुळे निदान सोपं होतं. डॅमंट स्वतः १९०६मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ २१० फुटांपर्यंत उतरले. १९०८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातली मुख्य कल्पना आजही प्रत्येक डायव्ह कॉम्प्युटरच्या पोटात आहे. सगळं शरीर एकाच वेगाने नायट्रोजन घेत नाही. म्हणून हाल्डेन यांनी कागदावर पाच काल्पनिक ऊती कल्पिल्या, ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांच्या अर्धकालाच्या. पाच मिनिटांची ऊती पाच मिनिटांत अर्धी भरते, पुढच्या पाचांत उरलेल्याच्या अर्धी, आणि अर्ध्या तासात जवळपास पूर्ण. ७५ मिनिटांची ऊती तेवढ्या वेळात पाव भागही भरत नाही. प्रत्येक ऊती वर येताना किती जास्तीचा दाब सहन करेल याची मर्यादा घातली, की वेळापत्रक तयार.

हाल्डेन यांचं एक निरीक्षण गोव्याच्या डायव्हरने जरूर लक्षात ठेवावं. ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर, याहून उथळ काम करणाऱ्यांना कितीही वेळ घालवला तरी बेंड्स, म्हणजे बुडबुड्यांचा हा त्रास, होत नाहीत, असं त्यांना दिसलं होतं. पुढच्या अनुभवाने ही मर्यादा बरीच उथळ सरकवली. ग्रांदे बेटाभोवतीच्या बऱ्याच डायव्ह याच पट्ट्यात होतात, म्हणून ‘उथळ आहे, काय होतंय’ हे वाक्य बोटीवर सहज येतं. ते हाल्डेन यांच्या काळातलं आहे.

अशा हिशेबातून कुठल्या खोलीवर किती मिनिटं राहायचं याचे छापील तक्ते निघाले. त्यांची मोठी अडचण ही, की सगळी डायव्ह सर्वांत खोल बिंदूवरच काढली असं ते धरतात. पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या १९८८च्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात. पण खडकाच्या पायथ्याशी पाच मिनिटं १८ मीटर पाहून उरलेला वेळ आठ-दहा मीटरवर माशांमागे घालवला, तरी तक्ता ५६ मिनिटांचाच हिशेब लावतो. प्रत्येक क्षणाची खोली मोजणारं यंत्र हवं होतं. १९५९मध्ये इटलीत आलेल्या एसओएस मीटरमध्ये सच्छिद्र चिनी मातीतून वायू हळूहळू झिरपायचा आणि काटा फिरायचा. कल्पना देखणी, पण त्यात ऊती एकच होती, आणि हाल्डेन यांचा सगळा मुद्दाच अनेक ऊतींचा होता. खरं उत्तर १९८३मध्ये आलं. अमेरिकेत ऑर्का कंपनीचं एज, युरोपात डेकोब्रेन. एज बारा ऊतींचा हिशेब पाण्याखाली, त्या क्षणी, पडद्यावर मांडत होतं. १९८७च्या आसपास सुंटो आणि अलादिन यांनी हे यंत्र सामान्य हौशी डायव्हरच्या आवाक्यात आणलं.

इथून पुढचा नायक स्वित्झर्लंडचा: झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान. त्यांच्या देशाला समुद्र नाही, पण डोंगरांत तळी आहेत. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे समुद्रसपाटीचे तक्ते तिथे चुकतात. ब्यूलमान यांना म्हणून गणित निरपेक्ष दाबावर, म्हणजे पाणी आणि वरची हवा यांच्या एकूण दाबावर, बांधावं लागलं, आणि उंची त्यात मुळापासून आली. १९८३च्या पुस्तकाने हे काम जगापुढे आलं. त्यांच्या पद्धतीचं १६ ऊतींचं रूप, सर्वांत हळू ऊतीचा अर्धकाल ६३५ मिनिटं, आज बाजारातल्या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे.

पुढे दोन फाटे फुटले. एक ब्रूस विंके यांचं बुडबुड्यांचं गणित, आरजीबीएम, जे सुंटो, क्रेसी आणि मारेस यांनी वापरलं. एकामागून एक डायव्ह झाल्या की या पद्धतीची यंत्रं सहसा मिनिटं कापतात. दुसरा फाटा ब्यूलमानच्याच मर्यादा आपल्या हाताने आवळण्याचा. १९९०च्या दशकात एरिक बेकर यांनी मांडलेल्या ग्रेडियंट फॅक्टरमध्ये दोन आकडे असतात. शिअरवॉटरच्या हौशी डायव्हरसाठीच्या मोडमध्ये ४५/९५ सैल, ४०/८५ मधलं आणि ३५/७५ कडक. दुसरा आकडा सोप्या भाषेत असा, की पृष्ठभागावर पोहोचताना ब्यूलमानच्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं. गार्मिनची डिसेंट घड्याळं आणि २०२२च्या ॲपल वॉच अल्ट्रावरचं ओशनिक ॲप याच घराण्यातले. मारेसच्या नव्या मॉडेलांनीही हीच वाट धरली. माझं मत स्पष्ट आहे: जो कॉम्प्युटर आपलं गणित आणि आकडे उघड सांगतो, तो घ्यावा. ‘सुरक्षितता पातळी २’ म्हणजे नेमकं काय, हे माहितीपुस्तिकेतही सापडत नसेल तर दुसऱ्याच्या यंत्राशी तुलनाच करता येत नाही.

गोव्याच्या पाण्यात हे फरक एका डायव्हमध्ये फारसे जाणवणार नाहीत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यासलेलं सुंची रीफवरचं सतराव्या शतकातलं बुडालेलं जहाज तर इतकं उथळ आहे, की तिथे हवा आधी संपेल. इथे पाणी गढूळ असतं, म्हणून ठळक अक्षरांचा पडदा मला महागड्या वैशिष्ट्यांपेक्षा मोलाचा वाटतो. फरक कळतो तो ग्रांदेला दोन आणि दुसऱ्या दिवशी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला दोन, अशा लागोपाठ डायव्हमध्ये. १९८८मध्ये कॅटालिना बेटावर वैज्ञानिक डायव्हरांची डायव्ह कॉम्प्युटरवर कार्यशाळा झाली होती. कॉम्प्युटरवर विसंबणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा कॉम्प्युटर हवा, ही शिफारस तिच्यातलीच. गाइडच्या मनगटावरचा हिशेब गाइडच्या खोलीचा असतो. तुम्ही दोन मीटर खाली रेंगाळलात ते त्याला ठाऊक नसतं.

आणि परतीचा रस्ता. विमानासाठीचं मार्गदर्शन बहुतेकांना पाठ असतं: एका डायव्हनंतर किमान १२ तास, लागोपाठच्या डायव्हनंतर १८. ते साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीइतक्या केबिन दाबासाठी आहे. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर, आंबोली ७००च्या आसपास. म्हणजे दुपारी बोटीवरून उतरून संध्याकाळी चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढणारा कोल्हापूरकर, बेळगावकर त्या पट्ट्याच्या खालच्या टोकात शिरतो, तेही तासा-दोन तासांत. अमेरिकन नौदल तर ३०० मीटरपासूनच डायव्हनंतरची उंची मोजायला लागतं. काही कॉम्प्युटरांवरचं विमानाचं चिन्ह नुसतं २४ तासांचं घड्याळ असतं, काही उरलेल्या नायट्रोजनवरून वेळ काढतात. दुकानात हे विचारून घ्या, ते चिन्ह विझेपर्यंत घाट चढू नका, आणि शेवटच्या डायव्हच्या रात्री मुक्काम गोव्यातच ठेवा.