सामायिक वाटेच्या आखणीतील लोकसहभाग : मिनटमन बाइकवे

पायी चालणारे, सायकलस्वार, चाकांच्या खुर्चीतून फिरणारे, बाबागाडी ढकलणारे अशा सर्वांना खुली आणि मोटारींना बंद असलेली वाट म्हणजे सामायिक वाट. ती ऐतिहासिक गावातून न्यायची झाली तर कुठून वळवावी, किती रुंद करावी, डांबर घालावे की मातीच ठेवावी, यावर गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची रीत अनेक देशांत आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ती विशेष रुजली. बंद पडलेले लोहमार्ग तेथे गावोगाव आहेत आणि रहिवाशांनी नगरसभेत जमून मतदानाने निर्णय घेण्याची परंपरा वसाहतकाळापासून चालत आलेली आहे. या दोन्ही गोष्टी मिनटमन बाइकवेच्या इतिहासात एकत्र येतात.

ही सुमारे १६ किमी. लांबीची डांबरी वाट बेडफर्डहून निघते आणि लेक्सिंग्टन व आर्लिंग्टनमधून केंब्रिजच्या एलवाइफ मेट्रो स्थानकापर्यंत जाते. १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर झडली. काँकर्डहून परतणाऱ्या ब्रिटिश फौजेशी त्या दिवसाची सर्वांत रक्तरंजित झुंज झाली ती मेनॉटमीत, म्हणजे आजच्या आर्लिंग्टनमध्ये. हाक येताच मिनिटात सज्ज होणाऱ्या गावरक्षकांना ‘मिनटमन’ म्हणत. वाटेचे नाव त्यांच्यावरून आले. लेक्सिंग्टनचे जुने रेल्वे स्थानक त्या हिरवळीपासून हाकेच्या अंतरावर असून वाट त्याला लागूनच जाते.

वाटेखालचा लोहमार्ग १८४६ मध्ये सुरू झाला. १९७७ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९८१ मध्ये मालगाड्याही. त्याच सुमारास बोस्टनची रेड लाइन मेट्रो आर्लिंग्टनमधून पुढे नेण्याचा प्रस्ताव होता. गावातून त्याला तीव्र विरोध झाला आणि मेट्रो १९८५ मध्ये गावाच्या वेशीवर, एलवाइफला येऊन थांबली. मोकळ्या पट्ट्यावर सायकलवाट करावी ही कल्पना सत्तरच्या दशकात मांडली गेली होती. वाट प्रत्यक्षात खुली झाली १९९३ मध्ये. मधल्या काळातील मोठा भाग जमिनीचा हक्क, पैसा आणि लोकांची मने जुळवण्यात गेला. ही दिरंगाई होती असे सरसकट म्हणणे बरोबर नाही, कारण शेजाऱ्यांची धास्ती निराधार नव्हती.

ती समजण्यासाठी हक्काचा प्रश्न पाहावा लागतो. अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नसे, फक्त वहिवाटीचा हक्क असे. गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपून पट्टा लगतच्या जमीनमालकाकडे परत जाई. १९८३ च्या केंद्रीय कायदादुरुस्तीने यातून वाट काढली : भविष्यात पुन्हा रेल्वे धावू शकेल या अटीवर पट्टा ‘राखून’ ठेवायचा आणि तोवर तो चालण्या-सायकलींसाठी वापरायचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ही तरतूद वैध ठरवली, मात्र हक्क गमावणाऱ्यांना नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग मोकळा ठेवला. एखाद्या सुनावणीत कोणी जुने खरेदीखत हातात घेऊन उभा राहिला, तर तो केवळ अडवणूक करतो आहे असे समजू नये. त्याच्या कुंपणाची रेषा कुठे आहे हे त्या कागदावरच ठरणार असते.

जमिनीचे ठरले की रेखाटनाची पाळी येते. राज्याच्या परिवहन खात्यामार्फत होणाऱ्या कामांत रेखाटन साधारण पंचवीस टक्के तयार झाले की जाहीर सुनावणी घेतात. सगळ्या प्रक्रियेत हा क्षण सर्वांत मोलाचा. त्याआधी बोलायला नकाशाच नसतो. पंचाहत्तर टक्क्यांवर गेलेल्या रेखाटनात वळण बदलायचे तर मोजणी, निचरा, परवाने सगळे पुन्हा करावे लागते. पहिल्या सुनावणीला न गेलेल्या माणसाच्या हाती बहुधा झुडपांची जात आणि बाकांचा रंग एवढेच उरते.

चर्चेत वादाचा विषय बहुतेक वेळा रुंदी असते. अमेरिकेत प्रचलित मार्गदर्शनानुसार अशी वाट किमान ३ मीटर रुंद हवी. मिनटमन सुमारे ३.६ मीटर आहे. दोन्ही कडांना मोकळी पट्टी सोडावी लागते, म्हणजे कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त झाडे जातात. लोहमार्गाचा चढ फार सौम्य असल्याने चाकांच्या खुर्चीला ही वाट सोयीची असते, पण त्यासाठी पृष्ठभाग घट्ट हवा, आणि डांबर म्हटले की जुन्या गावाच्या रूपाला धक्का बसेल अशी तक्रार येते. दिवे नको म्हणणाऱ्याच्या घराची खिडकी वाटेवर उघडत असते. दिवे हवेत म्हणणारी हिवाळ्यात अंधार पडल्यावर कामावरून परतत असते. दोघांचेही खरे असते. कोणत्या मोरीतून पावसाळी पाणी उलटे येते, शाळेतली मुले पट्टा नेमका कुठे ओलांडतात, हे मात्र अभियंत्याला गावकऱ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

ऐतिहासिक गावात आणखी काही दारे ओलांडावी लागतात. केंद्राचा पैसा असेल तर १९६६ च्या वारसाजतन कायद्याप्रमाणे जुन्या वास्तू व स्थळांवर होणारा परिणाम तपासावा लागतो आणि स्थानिकांचे मत घ्यावे लागते. गावातल्या वारसाक्षेत्राची समिती कुंपण, फलक, दिव्याचे खांब यांसारख्या बाबी पाहते. दलदलीच्या ३० मीटर परिसरातील कामाची छाननी गावाची संवर्धन समिती करते. जुना लोहमार्ग हासुद्धा वारसाच आहे, हे या चर्चांत अनेकदा मागे पडते. बेडफर्डने ते विसरू दिले नाही : वाटेच्या टोकाशी तेथे जुने स्थानक आणि दुरुस्त केलेला रेल्वेचा डबा जपलेला आहे.

वाट होण्यापूर्वी चोऱ्या वाढतील, परसात डोकावले जाईल, घरांच्या किमती पडतील असे म्हटले जाई. पुढे याच वाटेलगतच्या काही घरमालकांनी मागच्या कुंपणाला थेट वाटेवर उघडणारी फाटके बसवून घेतली. तरीही लोकांचे म्हणणे घेतले म्हणजे होकार मिळतोच असे नाही. जवळच्या वेस्टन गावाने १९९७ मध्ये नगरसभेत अशीच एक वाट नाकारली. तेथे ती २०१९ मध्ये झाली. बेडफर्डहून काँकर्डच्या दिशेने मातीची वाट जाते. मिनटमनचे डांबर तिच्यावर पुढे नेण्यासाठी काही जमीनहक्क घेणे आवश्यक होते आणि त्याला नगरसभेत दोन-तृतीयांश मते लागत होती. २०२२ मध्ये ती मिळाली नाहीत.

या पद्धतीचा खरा दोष वेगळाच आहे. वाट चार गावांची, मत मात्र एकेका गावाचे. रोज दुसऱ्या गावातून सायकलवर जाणाऱ्याला त्या गावच्या नगरसभेत मत नसते, आणि एका गावाचा नकार सगळी साखळी तोडू शकतो. शिवाय संध्याकाळच्या सभेला लहान मुलांचे आईबाप आणि पाळीवर काम करणारे येऊ शकत नाहीत. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत नुसते ‘म्हणणे ऐकून घेणे’ मधल्या पायरीवर आहे आणि त्यांनी ते नाममात्र सहभागात मोडले. नगरसभेतील मतदान त्या शिडीवर बरेच वर जाते.

महाराष्ट्रात प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर ‘हरकती व सूचना’ मागवतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तेथे नागरिक लेखी हरकत घेतो, आपली बाजू मांडतो. योजनेवर मतदान करत नाही. आणि त्याच्यासमोर येणारा नकाशा बहुधा पंचवीस टक्क्यांच्या बराच पुढे गेलेला असतो.